कुंचीचा टाका

बाळंतिणीच्या घराला एक वेगळाच वास असतो. शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलेला ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली, त्या धुराच्या तळाशी तेल मुरलेल्या इवल्या अंगाचा ऊबदार गंध, आणि दिवाळीच्या सुमारास बेळगावात सकाळी उतरणारं धुकं दाराच्या फटीतून येऊन या सगळ्यात मिसळलं, की घरातली मोठ्या आवाजाची माणसंसुद्धा आपोआप हळू बोलू लागतात. खानापूरला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, बाळंतपणासाठी खासबागच्या आमच्या घरी आली होती, आणि तिच्या मुलीच्या जन्मानंतरचे ते दिवस माझ्या आठवणीत या वासासकटच राहिले आहेत.

हे आक्काचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी आईने आनंदाच्या भरात, मूल जन्मण्याआधीच, त्याच्यासाठी खणाची कुंची शिवून ठेवली होती. डोक्याला टोपी आणि पाठीवर रुळणारी झूल असं ते तान्ह्याचं बारशाचं वस्त्र, आमच्याकडे ते आजोळानेच करायचं असतं. ते मूल जगलं नाही. कुंचीचं पुढे काय झालं, हे घरात कुणी विचारलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही. या वेळी मात्र नातीचं रडणं स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत तिने कात्रीला हात लावला नाही. बारसं जवळ आलं तेव्हा कुठे तिने जांभळा खण पाटावर पसरला, बराच वेळ त्यावरून नुसता तळवा फिरवला आणि मग ती मशीनवर बसली.

ही मशीन आईच्या लग्नाआधीची. काळी, पायाने चालवायची, अंगावरची सोनेरी वेल एका बाजूला आईच्या मनगटाच्या घर्षणाने पुसत गेलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्या पायरीखाली या मशीनवर शिवलेल्या किती पोलक्यांचा आधार आहे, हे मला ठाऊक आहे, पण ते आईला नीट शब्दांत सांगणं मला अजून जमलेलं नाही.

पहिली शिवण वरून सुरेख दिसत होती. आईने कापड उचललं आणि दोरा नुसता ओढताच सबंध शिवण पाण्यावरच्या रेघेसारखी नाहीशी झाली. सुईने टाका धरलाच नव्हता. तिने सुई बदलली, दोरा बदलला, पुन्हा शिवून पाहिलं. पुन्हा तेच. तेव्हा आई उठली आणि तिने मशीनवर चादर टाकली.

“नको बाई,” ती एवढंच म्हणाली. “माझ्या हातचं नको तिला. बाजारातनं आणा एखादी.”

आतल्या खोलीतून आक्काने ते ऐकलं असणार. तिथून फक्त पाळण्याच्या कड्यांचा किंचित आवाज आला. आईला काय वाटलं ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. पण भीतीचं नाव घेतलं तर ती अधिक खरी होते, या समजुतीने आम्ही आपापल्या कामाला लागलो. मला वाटलं, ही कुंची आईच्या हातून झाली नाही, तर बाजारातली कितीही सुंदर आणली तरी आई नातीला जवळ घेताना मनातून एक पाऊल मागे राहील.

दुपारी आप्पा कामावरून आले. माझे वडील मागावर साड्या विणतात. त्यांच्या केसांत नेहमी कापसाची बारीक लव असते. सगळं ऐकून ते बावरले. “असं कसं? खंडेनवमीला तर मी मशीन झक्क पुसलीया की.”

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं पूजेला मांडतात, कात्री, विळी, आप्पांची पकड, माझी पुस्तकंसुद्धा. आणि आप्पांचा नेम असा, की हत्यार खोलून, त्याच्या पोटातली धूळ काढल्याशिवाय त्याला कुंकू लावायचं नाही. दसऱ्यानंतर आक्काच्या बाळंतपणाच्या धांदलीत मशीनवर कुणी बसलंच नव्हतं.

“नेमकं काय काय खोललंत आप्पा?” मी विचारलं.

“काय न्हाय गं. सुईच्या बाजूचं झाकण काढलं, सुईचा दांडा सैल केला, रॉकेलनं पुसला, परत बसवला. लई घट्ट बसवलाय.”

“घट्ट बसवलाय म्हणं!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “ह्यांच्या हाताला सणादिवशीच खाज सुटती.”

त्या टोमण्याने मला धीर आला. रागावणारी आई गप्प आईपेक्षा पुष्कळ बरी होती. मी मोबाईलवर तसल्याच मशीनचा एक व्हिडिओ शोधला. सांगणारा माणूस तमिळ बोलत होता आणि मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. पण त्याचं बोट जिथे थांबे तिथे मीही थांबत गेले. सुईखालची पट्टी काढली, टॉर्च लावला, आणि आप्पा चाक अगदी सावकाश फिरवू लागले. सुई खाली गेली, वर येऊ लागली, आणि खालचा दोरा घेऊन फिरणाऱ्या शटलचं टोक तिला भेटायला आलं तोवर सुईचं नेढं टोकाच्याही वर निघून गेलेलं होतं.

“अरारा,” आप्पा मागावरच्या भाषेत पुटपुटले. “धोटा आलाय, पन धागा वाटंवर न्हाय.”

दांडा केसभर वर बसला होता, इतकंच. तो किती खाली घ्यायचा हे सांगणाऱ्या दोन फिकट रेघा दांड्यावर कोरलेल्या असतात, असं व्हिडिओत दिसत होतं. आमच्या मशीनवरही त्या होत्या. वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीखाली झाकलेल्या त्या रेघा आप्पांच्या रॉकेलनेच उघड्या केल्या होत्या. ज्या हाताने दांडा चुकला, त्याच हाताने तो सुधारायची खूणही मोकळी केली होती, आणि मला त्या क्षणी आप्पांच्या खरखरीत बोटांविषयी फार माया वाटली. पहिल्यांदा दांडा थोडा पिळवटून बसला, नेढं भलतीकडे वळलं. पुन्हा सैल केला. सुई अगदी तळाशी नेऊन वरची रेघ दांड्याच्या नळीच्या कडेशी जुळवली, आणि मी स्क्रू आवळला. चिंधीवर टाके पडले. ओढले, सुटले नाहीत.

आई दारात उभी होती. ती मशीनवर बसली नाही. “कुठला स्क्रू? दाव मला.”

मी टॉर्च धरला. तिने वाकून झाकणाआडच्या त्या इवल्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

“एवढ्यानं?”

“एवढ्यानंच,” आप्पा म्हणाले.

आईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, “पुढल्या खंडेनवमीला माझ्या मशिनीला नुसतं हळदीकुंकू लावायचं. खोलायचं न्हाय.”

“बरं. मला पन लाव जरा. मीबी जुनाच झालोय.”

आतून आक्का हसली. त्या हसण्याच्या मागोमाग पायडलचा आवाज सुरू झाला, आणि संध्याकाळचं पिवळं ऊन खिडकीतून खणाच्या काठावर उतरेपर्यंत तो थांबला नाही.

बारशाला घर बायकांनी भरलं. जांभळ्या कुंचीतल्या नातीचं कौतुक झालं, कानात नाव सांगून झालं. पण आईचं मन वेगळ्याच गोष्टीत होतं. येणाऱ्या प्रत्येकीला ती मशीनपाशी नेत होती, झाकण काढून दाखवत होती, “हितं चुकलं होतं बघा, हितं.” बायका मान हलवून, हसून पाळण्याकडे वळत. येळ्ळूरहून आलेली आईची एक मैत्रीण, जिच्या घरातलं तान्हं मूल मागच्या वर्षी गेलं होतं, ती तेवढी वळली नाही. ती तिथेच वाकून, पापणी न लववता, सुई आणि शटलची गाठ पडते त्या जागेकडे बघत राहिली. ती काय शोधत होती, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आईनेही विचारलं नाही. तिने मैत्रिणीच्या पाठीवर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी चाक पुन्हा एकदा, अगदी सावकाश, फिरवायला घेतलं.