एकतीस नंबरचा दगड

लातूर सोडलं की सडक काळ्या रानातून सरळ पळते. बालाघाटाचा डोंगर आडवा आला की दमानं चढते, पलीकडं उतरते आणि पुन्हा मैदान धरून नांदेडला गोदावरीशी जाऊन टेकते. एवढ्या लांबलचक सडकेतले चार किलोमीटर केरबा सोनकांबळेच्या मालकीचे. सातबाऱ्यावर नव्हे, नुसते चालण्यात. त्याची बायको सरजाबाई म्हणायची, "घरात ढेकळाएवढं रान न्हाई, पर आमचे मालक सडकंवर असे फिरतेत, जशी निजामानं जहागीर लिहून देली."

केरबा मैलकुली होता. खड्डा पडला की खडी-डांबर घालून लोखंडी धुम्मस मारून दाबायचं, कडेचं गवत काढायचं, लिंबांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे, किलोमीटरचे दगड रंगवायचे, हे त्याचं काम. हात असा बसलेला, की त्यानं भरलेला खड्डा कुठं होता ते पुढच्या साली त्यालाही सांगता येत नसे. पगार खड्ड्यांवर मिळतो आणि हा गडी खड्डेच ठेवत नाही, म्हणून लोक त्याला हसायचे.

त्याच्या जहागिरीत एकच गोष्ट वाकडी होती. तीस ते एकतीस हा किलोमीटर लांब होता. घाट उतरणारा माणूस तीसचा दगड मागं टाकून चालचाल चालायचा, एकतीस काही येत नसे. तेच एकतीसपासून बत्तीस विडी विझायच्या आत. डोंगराच्या पायथ्याला हे असंच व्हायचं, असं परगावचे लोक म्हणायचे. भीमवाडीतले लोक काहीच म्हणत नसत. एकतीसचा दगड भीमवाडीच्या, केरबाच्या वस्तीच्या, अगदी दारात होता.

त्याची कथा बहात्तरच्या दुष्काळातली. ही सडकच दुष्काळी कामावर झाली. भीमवाडीच्या बायांनी सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन खडी फोडली, त्यात सरजाबाईही होती. पुढच्या उन्हाळ्यात दगड रोवायचे निघाले. पायथ्याच्या खदानीतून दगड भाड्याच्या गाडीत घालून केरबा निघाला. ओव्हरसियर पुढं जाऊन चुन्याच्या खुणा करून गेला होता, एकतीसची खूण घाटाच्या ऐन चढावर. जाता जाता त्यानं गावच्या हणमंतरावांना सांगितलेलं केरबानं ऐकलं होतं, "उद्या एसटी चालू झाली, की जिथं गाव न्हाई तिथं दगडापाशीच थांबा देणारेत." कागदावर भीमवाडी गाव नव्हतं, नुसती वस्ती.

गाडी भीमवाडीपुढं आली तेव्हा नऊ वर्षांची पंचशीला, केरबाची लेक, खडीच्या ढिगावर बसून कोळशानं अक्षरं काढत होती. केरबानं लेकीकडं बघितलं, वर चढाकडं बघितलं, आणि गाडी थांबली. दगड तिथंच उतरला. वर जाऊन चुन्याची खूण त्यानं पायानं पुसली, हे मात्र सरजाबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ओव्हरसियरला त्यानं सांगितलं, "बैल बसले साहेब." दुष्काळातले बैल, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. ओव्हरसियरनं मान हलवली आणि कागदावर सही केली.

शेजारची नागुबाई तेव्हापासून म्हणत आली, "बैल बसले का बसवले, ते बैलालाच इचारा."

पुढं एसटी आली आणि कागदाप्रमाणे एकतीसच्या दगडापाशी थांबू लागली. भीमवाडीची पोरं त्या बसनं शाळेला गेली, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या. पंचशीला दहावी झाली, बारावी झाली आणि लातूरला डीएडला लागली. मास्तरीण होऊ घातलेली वस्तीतली पहिली पोर. सकाळी सहा दहाची बस पकडायची, संध्याकाळी परत. वसतिगृहात जागा नव्हती, दुसरी बस थेट दुपारी. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

आणि ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला सगळ्यांत जास्त गूळ कुणी वाटला असेल तर केरबानं. "जुना जिल्हा लई लांब," तो सांगत सुटला, "साहेब वरसातून एकदा यायचा, ते बी जीपमधून न उतरता. आता साहेब जवळ आला. आपलं काम बघंल."

साहेब आला. त्या सालीही पावसानं तोंड फिरवलेलं, रानं उघडी पडलेली, त्यामुळं सडकेवरचं काम लांबूनच दिसत होतं. मन्मथ साहेब नावाचा पोरसवदा इंजिनिअर, बोलायला गोड, कामाला पक्का. सडक आता राज्यमार्ग होणार, म्हणून लातूरपासून साखळी टाकून नव्यानं मोजत निघाला होता. तीस किलोमीटर चार पावलांच्या फरकानं बरोबर निघाले. एकतिसावा घाटातच संपला. दगड तिथून तीनशे चाळीस पावलं खाली.

"काका, हा दगड इथं कसा आला?"

"बैल बसले होते साहेब."

"कुणाचे बैल?"

"मेले ते. त्याच साली."

मन्मथ साहेब मनापासून हसला. "दहा वर्षं बसलेत म्हणजे भारीच बैल! बरं, हद्द तुमची आहे, तुम्हीच हलवा. गुरुवारपर्यंत."

दगड इथंच का हवा ते सांगायचं, तर खूण कुणी पुसली तेही केरबाला सांगावं लागणार. रोजंदारीत नऊ वर्षं काढून तो मागच्याच साली कायम झाला होता आणि लेकीचं शिक्षण त्या कायमच्या पगारावर चाललं होतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तिथं चढ हाय."

"मग? चढावर किलोमीटर नसतो काय?"

गुरुवारी केरबानं कुदळ घेतली. दहा वर्षं ज्याला रंगवलं त्या दगडाच्या बुडाशी खणताना बघायला अख्खी भीमवाडी गोळा झाली. नागुबाई ओट्यावरून ओरडली, "केरबाभाऊ, औंदा बैल बसंना झालेत का?" कुणी हसलं नाही. मग ती खाली उतरून गाडीच्या बैलाचा कासरा धरायला आली.

घाटात दगड रोवला. आकडा पंचशीलानं काढला. डीएडला फळ्यावरचं अक्षर शिकवत होते, एकतीस अगदी छापल्यासारखा आला. मन्मथ साहेब बघून खूश झाला.

सोमवारी पहाटे पंचशीला पिशवी घेऊन त्या दगडापाशी उभी राहिली. बस पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत वर आली. ड्रायव्हर शेषेराव तिला ती एवढीशी होती तेव्हापासून ओळखणारा. त्यानं खिडकीतून हात हलवला आणि ओरडला, "पोरी, चढावर थांबलो तर भरली गाडी मागं सरंल!" बस गेली.

मंगळवारी ती पूर्वीसारखी भीमवाडीपुढं उभी राहिली. शेषेरावला राहवलं नाही, त्यानं थांबवली. नेमका तपासनीस आत बसलेला. थांबा नसताना गाडी थांबवल्याबद्दल शेषेरावच्या हातात कागद पडला. संध्याकाळी परतताना त्यानं गाडी हळू करून केरबाला सांगितलं, "केरबादादा, माफ करा. मला बी लेकरंबाळं हायेत."

केरबा लातूरला आगारात गेला. तिथला बाबू म्हणाला, थांबा एकतीसच्या दगडापाशी आहे, तो आम्ही बदललेला नाही. केरबा म्हणाला, तिथं गाडी थांबत न्हाई. बाबू म्हणाला, दहा वर्षं तर थांबत होती. "तेव्हा दगड दुसरीकडं होता का? असेल तर लेखी द्या, कुठं होता, कसा होता, कुणी लावला." केरबानं कोरा कागद घेतला, घडी घालून टोपीत ठेवला आणि घरी आला.

सरजाबाईनं विचारलं, "काय झालं?"

"लिहून मागायलेत."

भाकरी थापता थापता सरजाबाई म्हणाली, "माथ्यावरच्या फाट्याला थांबते ना बस?"

"सहा किलोमीटर हाय. चढाचं."

चार दिवस पंचशीला दुपारच्या बसनं गेली, त्या बसला तपासनीस नसायचा म्हणून ड्रायव्हर भीमवाडीपुढं थांबायचा. चार दिवसांची हजेरी बुडाली. केरबानं झोपताना, उठताना, खडी टाकताना तोच हिशेब केला आणि शनिवारी त्याला सुचलं. सडकेवर काम चालू असलं, की मैलकुल्यानं लाल निशाण दाखवायचं आणि गाडीनं थांबायचं. मग तपासनीस असो का त्याचा बाप. भीमवाडीपुढं फक्त एक खड्डा पाहिजे होता.

सोमवारी तांबडं फुटायला तो कुदळ आणि निशाण घेऊन दगडाच्या जुन्या जागेपुढं उभा राहिला. मागं पंचशीला, तिच्या मागं दारात सरजाबाई. त्यानं जन्मात पहिल्यांदा सडकेवर खड्डा पाडायला कुदळ उचलली.

पहिला घाव टणकन उलटला, मनगटात कळ गेली. दुसऱ्यानं ठिणगी उडाली. खाली सरजाबाईनं फोडलेली खडी, वर दहा वर्षं त्याच्याच धुम्मशीनं दाबलेलं डांबर. तिसऱ्या घावाला चिंचोक्याएवढे दोन तुकडे निघाले.

"आबा, राहू द्या," पंचशीला म्हणाली.

"थांब. निघंल."

निघालं नाही. वळणावर हॉर्न वाजला. केरबानं काखेतलं निशाण हातात घेतलं, पायाखाली बघितलं. दाखवायचं काय? तपासनीसाला बोट कशावर ठेवून सांगायचं? तेवढ्यात बस आलीच. भल्या सकाळी मैलकुली कामाला लागलेला बघून शेषेरावनं आदरानं हात वर केला, गाडी हळूच कडेनं काढली. कंडक्टर दारातून ओरडला, "काय केरबादादा, जिल्हा झाल्यापासून लई काम काढलं का साहेबानं?" पाठीमागच्या खिडकीतली पोरं हसली आणि बस घाटाला लागली.

पंचशीलानं पिशवी खांद्यावर सारखी केली. "दुपारच्या बशीत लई गर्दी होती आबा. मी चालत निघते. फाट्यावर एखादी जीप भेटंल." ती चढाला लागली. पांढऱ्या दगडापाशी पोचेपर्यंत दिसत होती, मग वळणानं झाकली.

"अवं, मागं मागं जा की तिच्या," सरजाबाई म्हणाली.

"जातो. हे एवढं करतो."

केरबानं कडेचं पाटीभर बारीक खडी-डांबराचं मिश्रण आणलं, दोन तुकडे बोटांनी जागच्या जागी बसवले, वर मिश्रण टाकलं आणि धुम्मस मारत राहिला. मग कुदळ खांद्यावर टाकून चढाकडं झपाझप निघाला. मागं सडक अशी सपाट झाली होती, की तीन घाव कुठं घातले होते, ते परत आल्यावर त्यालाही सापडलं नसतं.