सखूच्या गळ्यातली पोत

अवं प्राजू, हे पत्र निवांत बसून वाच. "आजी, कॉलेजात लिहून द्याचं हाय, आपल्या घरच्या पाटीलकीचा इतिहास सांग" — हे असं फोनवर विचारतात काय वं? म्हणून कागद घेतला. हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. घरधन्यालेही नाही.

पाटीलकी तं सरकारनं कवाच काढून टाकली. पण पोळ्याले तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची निघते, तो मान राह्यला ना? तो थोरल्याच्या पोराकडं जाते. थोरले म्हणजे माहे भासरे, घरधन्याचे मोठे भाऊ, तुहे आजोबा. मंग मान तुह्या बापाचा. तरी माह्या रमेशची जोडी पुढं काहून निघते? — हेच विचारलं ना तू?

सांगते. 

तुही आजी सखू विधवा होती. भासऱ्यानं तिच्याशी पाट लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लगन. सवाशिणीनं पाट पाहू नये म्हणतात, म्हणून गावची एकही बाई थांबली नाही. घरधनी तवा परगावी होते. मी थांबली. काळी पोत तिच्या गळ्यात म्याच बांधली — गाठ बसेना, तं ती हासली होती.

पुढं भासरे गेले. पाट लावणारे भटजी गेले, सासरे गेले. अन् पारावर माणसं बसली — पाट लागला होता, का बाई तशीच आणून ठेवली होती? सखू तुह्या बापाले कडेवर घेऊन उभी. म्हणे, "बाई, तुम्हीच तं पोत बांधली ना मले?"

मी काय म्हटलं असन?

"मी तवा माहेरी होती, कळंबले."

एक म्हातारा म्हणे, "पोत काय, बजारातही भेटते!" सारे हासले. मीही — हो, मीही हासली.

मले कोणी धमकावलं नव्हतं. रमेश पाळण्यात होता, त्याची जोडी पुढं दिसली मले. बस, इतकंच. पाट झालाच नाही असं ठरलं, अन् मान आमच्याकडं आला. सखू मरेपर्यंत माह्या घरी पापड लाटाले येत राह्यली, एका शब्दानं बोलली नाही. कायले बोलली नसन? तुहा बाप दरसाल बैल मागं लावते, अन् वाकून "काकू, पाया लागतो" म्हणते. मी पाय मागं घेते.

रमेशले अजून ठाऊक नाही. कळल्यावर तो काय करन?  पण तू लिही — पाट लागला होता. मी तिथंच होती. खोटं बोलली.

पोळ्याले आठ दिवस हायेत. लवकर ये वं. बापाले घेऊन ये. त्याच्या तोंडावर सांगाचं हाय मले. आयकून तो उठून गेला, तं जाऊ देजो.