पेपरातला डॉक्टर

मंजुषा रोज फुलंब्रीहून स्कूटीवर शहरात यायची आणि जालना रोडवरच्या एका खासगी रुग्णालयाच्या दारातल्या टेबलावर बसायची. खाट आहे की नाही, एवढंच सांगायचं तिचं काम. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नुसतं "नाही" म्हणण्याचं काम होऊन बसलं. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि घरी गेल्यावर आधी अंगणातच अंघोळ उरकायची. तिचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही, तिला त्याची हौसही नव्हती.

पेपरात यायचे ते तिथले डॉक्टर हिमांशू. पेपरवाल्यांनी त्यांना पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. 'अठरा तास झुंजणारा देवदूत' म्हणे! माणूस खरंच चांगला होता, पण देवदूताला ताप येत नाही, त्यांना आला. आपल्याच रुग्णालयात खाट मिळेना, म्हणून चार दिवसांपूर्वी ते सरकारी दवाखान्यात भरती झाले. मालकांनी मात्र सगळ्यांना तंबी दिली, "डॉक्टर राउंडवर आहेत, एवढंच सांगायचं. जास्त तोंड उघडलं तर घरी बसा."

त्या दुपारी दारात एक जीप येऊन थांबली. आत कन्नड तालुक्यातला सांडू श्वासासाठी धडपडत होता. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र ब्याऐंशी दाखवत होतं. त्याची बायको लक्ष्मीबाई हातात पेपर घेऊन उतरली. त्यातल्या डॉक्टरांच्या फोटोला तिनं चक्क हळदकुंकू वाहिलं होतं.

"मावशी, इथं खाट नाही," मंजुषा म्हणाली. "सरकारी दवाखान्यात एक आत्ताच रिकामी झाली. मी फोन केलाय, पंधरा मिनिटं धरून ठेवतेत. निघा लवकर."

"नाय. ह्यो डाक्टर हात लावल, तवाच माझा धनी वाचंल."

"अवो, लई उशीर होईल!"

"होऊ दे. ह्येच्यासाठीच दोन दवाखाने सोडून आलोत आम्ही."

ब्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले. सांडूचे ओठ निळे पडायला लागले. मंजुषाला त्या पेपराचा असा संताप आला, की तिथल्या तिथं फाडून टाकावा. सात मिनिटं उरली होती. मालकांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं आणि तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

"मावशी, तुमचा डाक्टर हितं नाय," ती मोठ्यानं म्हणाली. "त्योच आजारी हाय. त्याच सरकारी दवाखान्यात पडलाय, नाकाला नळी लावून."

लक्ष्मीबाईनं हातातला पेपर खाली केला. "खरं बोलतीस?"

"माझ्या लेकरांची शपथ."

मंजुषाचा फोन नंबर घेऊन लक्ष्मीबाई धावतच जीपमध्ये चढली. जीप फाटकाबाहेर पडली आणि मंजुषानं मागं वळून पाहिलं, तर मालक दारात उभे. तिनं पर्स उचलली.

बारा दिवसांनी तिला घरी फोन आला.

"ताई, मी सांडू. परवा घरी आलो. त्यो डाक्टर माझ्या शेजारच्याच खाटेवर व्हता. सारखा इचारायचा, 'काका, मी वाचेन ना?' मी त्येचा हात धरून म्हणायचो, वाचताल, भिऊ नका. काल त्यो बी घरी गेला, त्येचा फोन आल्ता."

मंजुषाला हुंदका आवरेना. नोकरी गेल्याचं तिनं सांडूला सांगितलं नाही.