ओक्तावच्या होडीचा तळ

"खाडी आपली, घाण त्यांची," असं ओक्ताव दारिगाद रोज म्हणायचा. सकाळी पाव मोडताना म्हणायचा, रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरताना म्हणायचा. बोर्दो शहरातल्या एखाद्या डॉक्टराची शिडाची होडी पांढरं नाक वर करून समोरून गेली, की तिच्या पाठीमागे थुंकल्यासारखं म्हणायचा. आमच्या मुरियाक गावातली पोरं आधी आईला हाक मारायला शिकत, मग भरती-ओहोटी शिकत, आणि मग हे वाक्य.

ओक्ताव आमच्या कालवं पिकवणाऱ्यांचा अध्यक्ष. तो या काठावर शिंकला, तर खाडीच्या पलीकडचे बगळे उडत. मी त्याच्याकडे कौलांना चुना लावायचो. ज्याला हे काम हलकं वाटत असेल, त्याने कालव तोंडात घालू नये. उन्हाळ्यात कालवांची पिल्लं पाण्यात तरंगत असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण सगळी घर शोधत हिंडत असतात. आम्ही छपराची कौलं चुना-वाळूत बुडवून वाळवतो आणि खाडीत रचून ठेवतो. पिल्लू येतं, चुन्याला चिकटतं, आणि चिकटलं की तिथलंच होतं. मी चुना कालवताना गात असे. गाण्याने पिल्लं येतात असं नाही, पण न गाता केलेल्या कौलांना ती कमी धरतात, हे मी पाहिलेलं आहे.

पूर्वी होडीच्या तळालाही सगळं असंच चिकटायचं. शेवाळ, शिंपले, नाना तऱ्हेचे किडे. उन्हाळ्यात दोनदा होडी वाळूवर ओढायची आणि गुडघ्यांवर बसून तळ खरवडायचा. मग बाजारात तो लाल रंग आला. एकदा फासला की दोन वर्षं तळ आरशासारखा. तो बोर्दोवाल्यांसाठी आला होता, पण गावात पहिला डबा आणला ओक्तावने.

"बघ," तो मला म्हणाला, "काही म्हणजे काही चिकटत नाही. जे शिवेल ते मरतं."

"मग कौलांपासून लांब ठेवा, मालक."

"तू चुन्यात लक्ष घाल."

तर असं चाललं होतं. सकाळी पिल्लांनी चिकटावं म्हणून कौलांना चुना, दुपारी काही चिकटू नये म्हणून होडीला रंग, आणि संध्याकाळी दोन्ही एकाच पाण्यात. गावात सगळ्यांनीच ओक्तावचा कित्ता गिरवला. गुडघ्यांना आराम मिळाला. गुडघ्यांना आराम मिळाला, की माणसाला भाषणं सुचतात.

मग कौलं रिकामी येऊ लागली. एका उन्हाळ्यात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माझा चुना होता तसा पांढरा वर यायचा, एक ठिपका नाही त्याच्यावर. मोठी कालवं वीट झाल्यासारखी जाड झाली. फोडावीत तर आत मांस नखाएवढं. ओक्तावने आधी थंडीला दोष दिला, मग पावसाला, मग पाद्रीबाबांना, आणि एक आठवडा मलाही. पिल्लं नाहीत, तर पुढची कालवं नाहीत, आणि कालवं नाहीत, तर मुरियाक नाही. एवढं गणित आमच्या कोंबड्यांनाही येत होतं.

चौथ्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतली एक बाई आली. सभागृहात उभी राहून म्हणाली, "दोष तळाच्या रंगाचा आहे. त्यातलं कथील पाण्यात झिरपतं. पिल्लं मरतात, मोठ्यांचे शिंपले फुगतात."

ओक्ताव उठला. त्याच्या चेहऱ्यावर बाप्तिस्म्याच्या दिवशीचं तेज आलं. "ऐकलंत? शिडवाल्यांचा रंग."

"ज्या होडीला लावलाय, त्या प्रत्येक होडीचा," बाई म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," ओक्ताव म्हणाला. "शिडवाल्यांचा."

एका रविवारी आम्ही शिडवाल्यांच्या बंदराचं तोंड अडवायला निघालो. गावातल्या सगळ्या लांबट होड्या, पुढे ओक्तावची. तीत तो, लेओनी म्हणजे त्याची बायको, आणि मी. लेओनीने गरम सॉसेज आणि पांढरी वाइन घेतली होती, कारण उपाशीपोटी निषेध आमच्याकडे कोणी करत नाही. शिडवाल्यांच्या रंगावर बंदी आणा, ही आमची मागणी ऐकायला सरकारी अधिकारी येणार होते. ते आले, पण आधी शिडवाल्यांच्या क्लबात जेवले. भरती फुगली, थांबली आणि हळूच माघारी वळली. तेव्हा कुठे साहेब ओठ पुसत धक्क्यावर उभे राहिले, आणि ओक्तावने भाषण सुरू केलं.

काय बोलला तो. आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा संपेपर्यंत काठाचा चिखल चमकायला लागला.

"ओक्ताव," लेओनी हळूच म्हणाली, "पाणी चाललंय."

"जाऊ दे. माझे तीन मुद्दे राहिलेत."

"मुद्दे घरी सांग ना मला. मला तसेही पाठ आहेत."

तो थांबला नाही. भरती-ओहोटीवर पोट भरणारी माणसं आम्ही, पाळण्यात असल्यापासून पाण्याची वेळ जाणणारी. पण टाळ्या पडायला लागल्या, की कोण खाली बघतो? दुसऱ्या मुद्द्याला आमची होडी उतारावर टेकली. तिसऱ्याला ती कुशीवर कलंडली. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. अख्ख्या मुरियाकने, आळस देणाऱ्या कुत्र्यांसारखं, आपापलं पोट उन्हाला दाखवलं. सगळी पोटं लाल.

शिडवाल्यांचं बंदर यंत्राने खोल खणलेलं. त्यांच्या होड्या पाण्यात अदबीने तरंगत होत्या, त्यांचे तळ कोणाला दिसत नव्हते.

धक्क्यावर लाफार्ग नावाचा दातांचा डॉक्टर उभा होता. "अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "रंग छान बसलाय हो. आमच्यापेक्षा ताजा दिसतो."

अधिकारी घसा साफ करून म्हणाले, "रंगावर बंदी आणता येईल. पण आणली, तर सगळ्यांवर येईल. तुमच्यावरही. बोला, हवी आहे?"

मागच्या होडीतून कोणीतरी ओरडलं, "ओक्ताव, हो म्हणालास तर आमचे तळ तूच खरवडायचेस."

ओक्तावने वळून ओळीने पडलेल्या लाल पोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हवी आहे. सगळ्यांवर." आणि टोपी सारखी करत, "माझी मागणी पहिल्यापासून हीच होती."

"पहिल्यापासून," लेओनी सॉसेजचं फडकं बांधत म्हणाली.

मागून शिव्या सुरू झाल्या. अर्ध्या ओक्तावला, अर्ध्या रंगाला. चिखलात रुतू नये म्हणून बांधतो त्या लाकडी फळ्या ओक्तावने पायांना बांधल्या, अगदी सावकाश, अख्खं बंदर खोळंबलेलं असताना. मग उतरला, आणि ओहोटीने उघडी पडलेली आमची रिकामी कौलं होती त्या बाजूला, चिखलावरून फताक-फताक आवाज करत चालू लागला. लाफार्ग दुर्बीण लावून बघत होता. लेओनी कलंडलेल्या होडीच्या वरच्या काठावर पाय सोडून बसली होती. तो ठिपक्याएवढा होईपर्यंत तिने नजर हलवली नाही, आणि मीही नाही.