बाभुळगावचा उतार

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, थोरल्या भावाजवळ नाही. देवळात एकटा बसलो तेव्हा देवाजवळसुद्धा नाही — तिथंही इकडचं तिकडचं मागून उठलो. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर असू द्या. झाकून ठेवायचा जोर आता माझ्यात उरलेला नाही.

कुठून धरू? गाडीपासूनच धरतो. गाडीचं बोलणं मला नेहमीच सोपं जातं.

मी यवतमाळात बॅटरीवर चालणाऱ्या पिकअप गाड्या विकतो. मालवाहू गाड्या — मागे डाला, पुढे छोटी केबिन. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग, सीट, हप्ते हे सगळं नंतर. आधी — एका चार्जिंगात किती जाते? माझं उत्तरही ठरलेलं होतं. कंपनीचा आकडा. तो आकडा खोटा नाही बरं का! वर ओझं नाही, समोर वारा नाही, ऊन नाही, चढ नाही, अशी बंद खोलीत चाकं फिरवली तर गाडी तेवढी जाते. पण बंद खोलीत भाजी न्यायची आहे कुणाला?

खरं काय ते मला ठाऊक होतं. डाला भरला की आकडा गळायला लागतो. चढ लागला की आणखी गळतो. कापूस उंच रचून वर जाळी बांधली, तर वजन कमी असूनही वारा अडतो आणि तोही आपला वाटा घेतो. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. एसी लावला की काटा डोळ्यांदेखत खाली येतो. हे सगळे त्या आकड्याचे लचके तोडतात, आणि निम्मा हाती लागला तरी नशीब म्हणायचं. हे मी आधीच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मग मी काय केलं? शहाणा झालो. गिऱ्हाइकाला फेरी मारायला बाभुळगावच्या रस्त्याला न्यायला लागलो. यवतमाळ उंचावर आहे, बाभुळगाव खाली. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण गाडीत बसल्यावर कुणाच्या ध्यानात राहत नाही. गाडी रिकामी, वेळ सकाळची, एसी बंद. उतारावर ती बॅटरी खातच नाही, उलट थोडी भरतेही. बाभुळगावला पोचलो की मी आकड्यावर बोट ठेवायचो — हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिथं ओळखीच्या माणसाकडे चार्जर होता. 'चार्जिंग कसं करतात तेही पाहून घ्या' म्हणत मी गाडी लावायचो आणि गिऱ्हाइकाला चहा-भजी खायला घालायचो. मग परतीच्या चढावर जे सांडलं, ते कुणाला दिसायचं नाही. उतार दाखवायचा, चढ लपवायचा. या युक्तीचा मला अभिमान होता. आमच्या शोरूममध्ये नवीन पोरांना मी ती शिकवलीसुद्धा.

आता वसराम.

वसराम माझा शाळेपासूनचा दोस्त. मारेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आमचं गाव आहे, आणि गावाला लागून त्याचा तांडा. आम्ही कुणबी, ते बंजारा. पण मी निम्मं लहानपण त्यांच्या ओसरीवर काढलं आणि त्याच्या आईला त्याच्यासारखंच याडी म्हणत मोठा झालो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. माझी आई लवकर गेली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. लदेणी म्हणतात त्याला. बैल गेले, रस्ते गेले, पण याडीच्या बोलण्यातून लदेणी गेली नव्हती. घरात काही बिघडलं, कुणी कुणावर खेकसलं की ती म्हणायची, "बैल बसला तं बैलाले मारू नये. लादलं कोणं, ते इचारावं." वसरामनं एवढं एक वाक्य आईच्या दुधासोबत घेतलं असावं. नांगर मोडला तर त्याचीच चूक, पोरगं नापास झालं तर त्याचीच चूक. शाळेत आम्ही दोघांनी मिळून खोड्या केल्या आणि मार बहुतेक वेळा त्यानं खाल्ला. हे मला पाठ होतं. लक्षात ठेवा — मला हे पाठ होतं.

याडीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला आणून मशीनवर रक्त धुवावं लागायचं. एसटीनं आणणं तिला झेपेना. वसरामनं विचार केला, पिकअप घेऊ. पहाटे तांड्यातली भाजी भरू, शेजारी याडीला बसवू. ती मशीनवर असेल तोवर भाजी पोचती करून शहरातलं भाडं मारू, दुपारून तिला घेऊन परत. डिझेल परवडत नव्हतं. तो माझ्याकडे आला. दुसरीकडे कशाला जाईल?

"सुध्या, भरलेली गाडी चढून येईन. याडी राहीन संगं. एका चार्जिंगात जाणं-येणं व्हईन ना?"

माझ्यापुढे माझा दोस्त बसला होता. त्याची गाडी भरून चढणार होती, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आणि मी — मी त्याला बाभुळगावला घेऊन गेलो. याडीही होती सोबत. घागरा सावरत केबिनमध्ये चढली, उतारावर गाडी आवाज न करता पळायला लागली तशी समोरच्या फळीवर थाप देऊन म्हणाली, "आछी छ." चांगली आहे. तिलाही मी भजी खायला घातली. तिच्या पथ्यात बसत नव्हती, तरी मी दिली म्हणून एक खाल्ली.

गाडी तांड्यात आली, तांड्याच्या देवाच्या पांढऱ्या झेंड्यापाशी नारळ फुटला. मला मानानं पुढं बसवलं.

हिवाळा कसाबसा निभावला. आकडा कमी पडायचा, पण आमच्या शोरूमच्या चार्जरवर जागा मिळाली की भागायचं. जागा नेहमी मिळायची नाही. वसरामचे फोन यायला लागले. "सुध्या, तू सांगतलं तेवढी जात नाही ना लेका. काहून असं होऊन राह्यलं?" तेव्हाच बोलता आलं असतं. गड्या, मी तुला उतार दाखवला, चढाला ही निम्मीच जाते, तू वाटेत थांबायची सोय करून ठेव. एवढंच तर होतं. पण मी म्हणालो, तुझा पाय जड आहे. या गाडीला हलका पाय लागतो. डिझेलची सवय सोड.

त्याला ते लगेच पटलं. पटणारच! लादणारा चुकला, बैल नाही. तो पायातली चप्पल काढून, अनवाणी गाडी चालवायला लागला — पाय हलका पडावा म्हणून. मला कौतुकानं सांगितलं त्यानं. मी हसलो. घरी येऊन जेवलोसुद्धा नीट.

मग मे महिना आला. मे महिन्यातलं यवतमाळ मी तुम्हाला काय सांगू? दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बाहेर पडणारा डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, ऊन बाधू नये म्हणून जवळ कांदा ठेवतो.

त्या दुपारी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, नेरचे एक जिनिंगवाले. एक नाही, तीन गाड्यांचा सौदा. पेन त्यांच्या हातात होतं, सही व्हायची होती. तेवढ्यात वसरामचा फोन.

तो घरी परतताना वाटेत करंजीच्या फाट्यावर उभा होता. आकडा खाली गेला होता, उरलेला रस्ता आणि उरलेला आकडा जेमतेम बरोबरीत होते. त्या दिवशी आमचा चार्जर मोकळा नव्हता, म्हणून तो तसाच निघाला होता. याडीला मशीनवरून उतरवलेलं, अंगात त्राण नाही. तिला पाणीही मापानं प्यायचं.

"याडीले लय गरम होऊन राह्यलं," तो म्हणाला. "एसी लावला तं गाडी पोचत नाही. इथं वणीची एसटी उभी हाय. बसवून देऊ का तिले? हवा तरी लागन. तू सांगशीन तसं करतो."

बसवून दे. दोन शब्द. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं.

पण समोर गिऱ्हाईक ऐकत होतं. आमच्या गाडीतून उतरवून कुणी आपल्या आजारी आईला एसटीत बसवतंय — हे त्यांच्या कानावर कसं जाऊ द्यायचं? मी खुर्चीत मागे रेललो. हसलो. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अरे, आरामात पोचते. एसी बंद ठेव, काचा लावून घे, हळूहळू जा."

काचा लावून घे. उघड्या काचांनी वारा अडून बॅटरी जास्त जाते म्हणतात, पण तुम्हाला सांगतो, हळू चालणाऱ्या गाडीला काचा उघड्या असल्या काय नि लावल्या काय, काडीचा फरक पडत नाही. मला हे माहीत होतं. मग का बोललो? जाणकार वाटावं म्हणून. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून. दुसरं काही कारण मी खूप शोधलं, नाही सापडत.

वसरामनं काचा लावल्या. याडीला म्हणाला, सुध्या म्हणते पोचते. ती म्हणाली, मंग पोचन. हे त्यानं मला नंतर सांगितलं. पदर डोळ्यांवर ओढून ती दाराला टेकून बसली. तो तिला जागवत होता, ती हूं हूं करत होती. मग हूं करेनाशी झाली. त्याला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं त्याला.

गाडी पोचली. मी म्हणालो होतो तशी पोचली. आकड्यात थोडं उरलंही होतं.

तांड्यात गाडी थांबली तेव्हा याडीचं अंग भट्टीसारखं तापलेलं होतं आणि ती हाकेला ओ देत नव्हती. गाडीत पुढं जायचा दम नव्हता, म्हणून शेजाऱ्याच्या डिझेल जीपमध्ये टाकून तिला वणीकडे पळवलं. वाटेतच गेली. घागऱ्याला खोचलेला कांदा तसाच होता.

डॉक्टर म्हणाले, आजार मोठा होता, त्यात ऊन लागलं. तांड्यानं तेच मानलं. एसटीत बसवली असती तर वाचली असती का? मला माहीत नाही. हा प्रश्न मी पांघरूण म्हणून पुष्कळ वापरून पाहिला. पाय उघडे पडतात.

मी मातीला गेलो. वसराम माझ्या गळ्यात पडला आणि हुंदके देत म्हणाला, "लादलं मीच, सुध्या. मलेच चालवता नाही आली." तांड्यातली माणसं भोवती उभी होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, तुझी चूक नाही रे. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन. मी खरंच बोललो होतो, फक्त अर्धं. उरलेलं अर्धं मी गिळलं. मला त्या क्षणी याडी गेल्याचं दुःख होतं का? होतं. पण त्याहून जास्त एक भीती होती — यानं फोनचं सगळ्यांसमोर बोलू नये. सांगायला लाज वाटते, पण आईसारख्या बाईच्या मातीला मी हाच हिशेब करत उभा होतो.

तो बोलला नाही. त्याच्या मनातही आलं नाही.

बाभुळगावची फेरी मी बंद केली. याला चांगुलपणा समजू नका, तो रस्ता आता माझ्यानं चालवत नाही एवढंच. रोज सकाळी वाटतं, आज मारेगावला जाऊ, सांगून टाकू. गाडीला किल्ली लावतो आणि शोरूमला येतो. असं किती दिवस जगतात माणसं?

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ — पण मागच्या आठवड्यात वसराम शोरूममध्ये आला. सोबत त्याचा साळा. त्याला गाडी घ्यायची होती, आणि वसराम त्याला माझ्याकडे घेऊन आला होता. माझ्याकडेच!

साळ्यानं विचारलं, "एका चार्जिंगात किती जाते भाऊ?"

वसराम समोर बसला होता, अनवाणी. ती सवय त्याची अजून गेलेली नाही. कसा कोण जाणे, पण मी खरं बोललो. म्हणालो, रिकामी असली तर पुष्कळ जाते, पण भरून चढाला निघाली तर निम्मी. उन्हाळ्यात त्याहून कमी.

मी वसरामकडे पाहिलं. आता तो विचारेल, हे मला काहून नाही सांगितलं? मला ते हवं होतं, खरंच हवं होतं. त्यानं गचांडी धरली असती तर मी सुटलो असतो.

वसराम साळ्याकडे वळला आणि म्हणाला, "पाह्य, हा माणूस काही लपवत नाही. मलेही सांगतलं असन यानं तवा. मीच ध्यान नाही देल्लं." मग माझ्याकडे बघून, "सांगतलं व्हतं ना बे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

बैल बसला की लादणाऱ्याला विचारावं, असं याडी म्हणायची. विचारलं होतं त्यानं मला. लादलं मी होतं, आणि मान हलवली तीही मीच.