वजीर पुढे घे

आमच्या बुद्धिबळ मंडळातल्या म्हाताऱ्यांचे किस्से सांगायला बसलं की संपत नाहीत. एक विसरावा तोवर दुसरा घडलेला असतो. मी इंटरमध्ये कॉलेज सोडलं, तेव्हापासून सियागंजातल्या किराणा दुकानाच्या माडीवर बसून हाच तमाशा बघतोय.

तिथला रिवाज असा, की खेळणारे दोन आणि सांगणारे बारा. सगळ्यात मोठा आवाज भाऊसाहेबांचा. संस्थानच्या रिसाल्यात होते. घोडा गेला, हुकूम राहिला. दहा वर्षांचा दिगू खेळायला बसला की मागे उभे राहून ओरडायचे, "वजीर पुढे घे!" दिगू म्हणायचा, "हो भाऊसाहेब," आणि उंट हलवायचा. जिंकला की हे मिशीवर हात फिरवत सांगायचे, "मी मागे होतो म्हणून."

*

दिगू विलायती नियम शिकायला निघाला तर केवढा गहजब! किल्लेकोट केला की राजा कोपऱ्यात हत्तीआड जातो, हे ऐकूनच भाऊसाहेब लाल.

"लपतो? आपल्या खेळात राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो. मैदानात!"

मंडळात किल्लेकोट बंद. मग दिगू माझ्या खोलीवर यायला लागला. "भिया, इथं तरी शिकू दे यार." आई म्हणाली, "स्वतः कॉलेज सोडलं, आता त्याला बिघडव."

*

पंधराव्या वर्षी मुंबईत भल्याभल्यांना हरवल्यावर दिगूला विलायतेचं बोलावणं आलं. जगभरातल्या तरुण खेळाडूंची स्पर्धा होती. मंडळाची सभा तीन तास चालली. विषय काय, तर बरोबर कोण जाणार.

भाऊसाहेब म्हणाले, "पोराच्या मागे उभं राहायला कोणी नको?"

मी म्हणालो, "तिथं मागे उभं राहून बोलू देत नाहीत."

"मग खेळतात कसे?"

दिगू एकटाच गेला.

*

पहिलं पत्र आलं. "भिया, दोन डाव हरलो. इथं कोणी बोलतच नाही, मला काही सुचत नाही. असंच चाललं तर पुन्हा कोण बोलावणार?"

"मी सांगत होतो," भाऊसाहेब म्हणाले.

दुसरं पत्र मी मंडळात मोठ्यानं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

"तिसऱ्या डावात डोळे मिटले. भाऊसाहेब मागे उभे आहेत असं समजलो. ते म्हणाले असते, वजीर पुढे घे. म्हणून वजिराला हात लावला नाही. लहानपणापासून असंच खेळत आलोय. मग एकही डाव हरलो नाही. पहिला आलो. आता मोठ्यांच्या स्पर्धेला बोलावलंय."



भाऊसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"पुन्हा वाच," म्हणाले. "माझं नाव आलंय तिथपासून."