मुळशीतला सावा

मारुंजीहून निघालो तेव्हा सात वाजायचे होते. पिकअपच्या मागच्या हौद्यात आमचा गाडा ताडपत्रीत गुंडाळून बांधला होता. मी पुढं बसले होते खरी, पण दर पाच मिनिटांनी मागच्या काचेतून बघत होते, दोरी ढिली तर झाली नाही ना. गाडी निखिल सर चालवत होते. ते म्हणाले, दोरी मी बांधलीय ताई, तुम्ही रस्ता बघा, पहिल्यांदाच येताय ना इकडं. ते खरंच होतं. वाशीम जिल्ह्यातून नवऱ्याच्या नोकरीमागं इथं येऊन मला दोन वर्षं झाली. पण मारुंजीतली भाड्याची खोली, समोरच्या सोसायटीतली बाग आणि हिंजवडीतलं ऑफिस यापलीकडं मी काही पाहिलं नव्हतं.

ऑफिस म्हटल्यावर गावाकडं तुम्ही हसाल. सातवीत शाळा सुटलेली बाई ऑफिसात काय करते? तर, सोसायटीच्या बागेत मी गवत काढत होते, तिथं राहणाऱ्या निखिल सरांनी एकदा उभं राहून विचारलं की हे काय, ते काय. मी एकेक नाव सांगत गेले. महिन्याभरानं त्यांनी मला त्यांच्या कंपनीत बसवलं. शेतात खांबावर लावलेले कॅमेरे फोटो पाठवतात, एका फोटोत वीतभर जमीन. मी पडद्यावर बोट ठेवून सांगायचं, हे पीक, हे तण. माझं ऐकून यंत्र शिकतं आणि मग गाडा आपला आपण शेतात फिरताना औषधाचा थेंब फक्त तणावर टाकतो. सगळं रान फवारायची गरज उरत नाही. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि शिकलेली माणसं मला विचारून पुढं जातात. या गोष्टीची मला अजून सवय नाही; रोज सकाळी वाटतं, आज कुणीतरी म्हणेल, ताई, चूक झाली, तुम्ही बागेतच बऱ्या.

त्या दिवशी तर परीक्षाच होती. मुळशीच्या उतारावर नाचणीचं एक रान निवडलं होतं. मी खुणा केलेलं, मागून कुणीही न तपासलेलं, असं हे पहिलंच शेत. नीट झालं तर मला कायम करणार होते. शेताच्या मालकीण पारूबाई यांना सरांनी फोनवर विचारलं होतं, रानात काय काय आहे. त्यांनी सांगितलेली नावं सरांनी कागदावर उतरवून माझ्यापुढं ठेवली. मी नाचणीपुढं पीक लिहिलं. सावा, कुर्डू, केना, लव्हाळा, या सगळ्यांपुढं तण. विचारही करावा लागला नाही. आपल्याकडं सोयाबीनमध्ये सावा किती माजतो ते तुम्ही जाणताच; तो उपटण्यात माझं निम्मं लहानपण गेलं.

हिंजवडीतून बाहेर पडायलाच तास गेला. सगळ्या गाड्या आत येणाऱ्या, आम्ही एकटे उलटे निघालेलो. भुकूमला रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती, आणि दोन इमारतींच्या मधे भाताचं एक खाचर हिरवंगार उभं. पौडला गाडी थांबवून सरांनी चहा घेतला. मी वडा तसाच कागदात बांधून घेतला. पौड सुटलं आणि डोंगर सुरू झाले. आपल्याकडं डोंगर लांब कुठंतरी निळा दिसतो. इथं तो अंगावर येतो. श्रावणातलं ऊन एका टेकडीवर, पलीकडच्या टेकडीवर ढग टेकलेला, आणि खाली धरणाचं पाणी इतकं लांबवर की मी सरांना विचारलं, ही नदी का समुद्र? ते हसले, पण वाईट हसले नाहीत.

वाडीच्या खाली डांबर संपलं. गाडा उतरवताना माझी एक चप्पल चिखलात अशी रुतली की ती काढायला पारूबाईच पुढं आल्या. पन्नाशीच्या, काटक, पदर खोचलेल्या. चप्पल माझ्या हातात देत म्हणाल्या, "शहरातली दिसतीस." मी म्हटलं, नाही मावशी, मीही निंदणावर राबलेली आहे. निंदण म्हणजे काय ते त्यांना कळेना. तण उपटण्याला इकडं बेणणी म्हणतात. बेणणीला आता माणूस मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. सून हिंजवडीच्या कॅन्टीनला जाते, शेजारणीही तिकडंच. म्हणून तर त्यांनी आमच्या गाड्याला हो म्हटलं होतं.

रानाच्या वरच्या अंगाला आमचा खांब. त्यावर कॅमेरा आणि पानासारखी एक पातळ पट्टी. खऱ्या पानावर दव असेल तर ती पट्टीही ओली असते, आणि ती सुकल्याशिवाय गाडा जागचा हलत नाही; ओल्या पानावरून औषध वाहून जातं ना. धुकं काही उठेना. सर बांधावर लॅपटॉप घेऊन बसले. पारूबाई मला म्हणाल्या, "पानं वाळस्तवर दोन घास खा. त्वांड सुकलंय तुझं."

घर खालच्या खोलगटात. तिथं मोबाइलची रेंज जाते. चुलीपुढं पाट, ताटात हिरवी भाजी. चव ओळखीची वाटेना म्हणून विचारलं, तर कुर्डू! मी हसले. आपल्याकडं कुर्डू बांधावर फेकतो. यादीत मी त्याला तण लिहिलंय, असं सांगितलं तेव्हा त्याही हसल्या. म्हणाल्या, लई झाली की तणच ती, कवळी असंस्तवर भाजी. मग त्यांनी वाफाळता भात वाढला. बारीक, गोल दाणा. मी म्हटलं, मावशी, हा कुठला तांदूळ?

"तांदूळ न्हाई. सावा हाय."

माझा हात ताटातच थांबला. मी विचारलं, विकत आणला का?

"इकत कुटं मिळतोय आता? आमच्याच रानातला. खालच्या अंगाला तीन वळी हायेत न्हवं का. माझ्या आईकडनं आणल्यालं बी. वाडीत समद्यांनी सोडला, म्या एकटीनं ठिवलाय. तुमच्या सायबाला सांगितलं हुतं की फोनवर, नाचणी हाय, सावा हाय."

दारातून बघितलं तर उतारावर ऊन पडलं होतं.

मी उष्ट्या हातानं पळाले. फोन काढला, रेंज नाही. चप्पल कधी सुटली कळलं नाही. वर पोचले तर गाडा नाचणी संपवून खालच्या ओळीत शिरलेला, आणि सर खुशीत. म्हणाले, "बघा ताई, इथं केवढं तण! एकही सोडत नाहीये." गाड्याच्या पोटाखालून टिक्, टिक् असा थेंब पडल्याचा आवाज येत होता. आणि मला तेव्हा दिसलं, फोटोतल्या वीतभर जमिनीत जे कधीच दिसलं नव्हतं: सावा सरळ ओळीत उभा होता. तण कुठं असं ओळीत उगवतं?

मी रानात उतरले आणि गाड्यावरचं लाल बटण दाबलं.

सर उठून उभे राहिले. काय झालं, चाक अडकलं का? खरं सांगते, हो म्हणावंसं वाटलं. कायम व्हायचं होतं, आणि ही ओळ पिकाची आहे हे सरांना अजून ठाऊक नव्हतं. पण पारूबाई मागून येत होत्या. त्यांच्या हातात माझी चप्पल होती.

मी म्हटलं, "सर, हे पीक आहे. मी तण लिहिलं. माझी चूक."

सरांनी एकदा त्या ओळीकडं बघितलं आणि म्हणाले, पाणी आणा. औषध पानात मुरायला वेळ लागतो, लगेच धुतलं तर काही वाचेल. मग ओढ्यावरून आम्ही तिघांनी हंडे, कळश्या आणल्या. पारूबाई एकेक ठोंब (एका जागी फुटलेला झुपका) हातात धरायच्या, मी वरून पाणी ओतायची. थेंब पडले होते ते अर्ध्या ओळीवर, चौदा ठोंबांवर.  

शेवटी त्या उठून नाचणीत गेल्या. वाकून वाकून बघितलं. नाचणीला कुठंही धक्का नव्हता, मधलं गवत तेवढं भिजलेलं. तिकडूनच म्हणाल्या, "हितलं बरं केलंय. माझी कंबर वाचली." आणि गाड्याजवळून जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून, माझ्याकडं बघत: "पर ह्याला डोळं हायेत, त्वांड न्हाई. त्वांड असतं तर सावा वळाकला असता."

निरोप घेताना मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं आणि अर्धवट राहिलेलं जेवण संपवून जा म्हणाल्या. मी जेवले. तोच भात. घास गिळताना डोळ्यांना पाणी येत होतं, ते चुलीच्या धुरावर ढकललं.

 परतीला पौडपर्यंत मी मनातल्या मनात बागेत परत गेले होते, खुरपं कुठं ठेवलंय तेही आठवून ठेवलं. पौड सुटल्यावर ते म्हणाले, "यादी त्यांची होती. त्यातलं पीक कुठलं ते मी तुम्हाला विचारलं, त्यांना विचारलंच नाही." उद्या सगळ्यांपुढं तुम्हीच सांगा, असंही म्हणाले. सांगितलं. कुणी हसलं नाही. कायम करण्याचं पुढं ढकललं. काढलं मात्र नाही. आता कुठल्याही गावाची यादी आली की मी आधी तिथल्या बाईला फोन लावते आणि विचारते, यातलं तुमच्याकडं ताटात काय येतं? उत्तरं ऐकून कधी कधी सर डोक्याला हात लावतात. मला वाटतं, दूर आल्यावर माणसानं सगळ्यात आधी आपल्याला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीच पुन्हा विचारून घ्याव्यात.

त्या ओळीचे फोटो खांबावरून रोज येत होते. ऑफिसात आल्या आल्या मी तेच उघडायची. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी काही ठोंब बसलेच. आठव्या दिवशी उरलेल्यांच्या पोटातून नवी हिरवी सुई वर आलेली दिसली. मी तीनदा मोजलं, फाईलमध्ये लिहिलं, आणि पारूबाई रानात असायच्या वेळी त्यांना फोन लावला. म्हटलं, मावशी, नऊ ठोंब जगले.

"अकरा," त्या म्हणाल्या. "दोन नाचणीच्या आड हायेत. तुमच्या त्या खांबावरनं न्हाई दिसायचं. मी रोज जातीया बघाया."

मी फाईल पुन्हा उघडली, नऊ खोडलं आणि अकरा लिहिलं.